तक्त्याचा उजवा रकाना

मी कराडजवळच्या मलकापुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. अकरावीचे वर्ग सुरू झाले की पहिल्या आठवड्यातच फळ्यावर एक तक्ता काढायचा, ही माझी बऱ्याच वर्षांची सवय. मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे गंगा-ब्रह्मपुत्रेतला डॉल्फिन, उजवीकडे धनुर्वाताचा जिवाणू. एकमेकांपासून शक्य तेवढे लांबचे दोन जीव घ्यायचे आणि तरी दोघांनाही आपण सजीव का म्हणतो, हे मुलांच्या तोंडून काढून घ्यायचं.

डावीकडचा डॉल्फिन मला माझ्या धाकट्या भावाने दिला. तो फौजेत होता आणि आसामात ब्रह्मपुत्रेच्या काठाला त्याची पोस्टिंग होती. रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. घरचं सगळं विचारून झालं की तो तिकडचं काहीतरी सांगायचा. असंच एकदा म्हणाला, "आक्का, हितं नदीत डॉल्फिन हाय. गोड्या पाण्यात. आन आंधळा असतोय त्यो."

"मग त्याला वाट कशी सापडते?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं, पण त्याला सांगायची हौस होती.

"आवाज करतोय आन परत आलेला आवाज ऐकतोय. आमचा बोटवाला सांगत हुता. वर येतोय, सूं करून श्वास घेतोय, की गेला खाली. परत कुठं निघंल ते कळत न्हाई. आमी पैज लावतो."

उजवीकडे सुरुवातीला मी भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठीतला जिवाणू घेत असे. पण आमच्याकडची मुलं शेतकऱ्यांची, ते त्यांना पाठच असायचं. मग मी धनुर्वाताचा घेतला. तोही मातीतलाच, प्रत्येकाच्या शेतात असणारा, आणि नाव काढलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा वर बघायची. सूक्ष्मदर्शकाखाली तो हलगीच्या टिपरूसारखा दिसतो, एका टोकाला फुगलेला, असं सांगितलं की हसायची. तक्त्यात आकार, पेशी, पुनरुत्पादन अशा ओळी भरत जायच्या. श्वसनाच्या ओळीवर मी जरा जास्त वेळ थांबायचे. डॉल्फिन पाण्यात राहतो, पण हवा मिळाली नाही तर मरतो. हा जिवाणू आपल्या पायाखालच्या मातीत राहतो, पण हवेत त्याला वाढता येत नाही. माती कोरडी पडली, उन्हाने तापली, तरी हा स्वतःभोवती कवच करून वर्षानुवर्षं पडून राहतो. "वाट बघतो का मॅडम?" असं एका वर्षी एका मुलीने विचारलं होतं. मी तिला सांगितलं, वाट बघायला मन लागतं, याला मन नाही.

भाऊ हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि गावी येऊन ऊस करायला लागला. गाव मलकापुरापासून स्कूटरने अर्ध्या तासावर. आमचे आई-वडील राहिले नाहीत. घरात तो आणि त्याची बायको, दोघंच. लेक लग्न होऊन पुण्याला. मी एकटी राहते, त्यामुळे बहुतेक रविवारी जेवायला त्यांच्याकडेच.

मागच्या फेब्रुवारीतला एक रविवार. त्याचा ऊस कारखान्याला जाऊन पंधरा दिवस झाले होते, त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या खोडव्याची कामं चालली होती. मी गेले तेव्हा तो सोप्यात खाटेवर बसला होता आणि उजव्या पावलाला जुन्या धोतराची चिंधी बांधली होती. चिंधी हळदीने पिवळी झाली होती.

"काय झालं रं पायाला?"

"धसकट गेलं. पाणी पाजत हुतो, अनवाणीच हुतो. काडलं वडून."

तुटलेल्या उसाचं बुडखं जमिनीत राहतं, त्याचं टोक खिळ्यासारखं असतं. मी चिंधी सोडायला लावली. तळव्यावर एवढंसं भोक होतं, वरून मिटत आलेलं. रक्त नाही, सूज नाही.

"इंजेक्शन घेतलंस?"

"फौजेत काय कमी टोचलीत व्हय? अंगात जागा न्हाई आता."

"ती जुनी झाली. दहा वर्षांनी परत घ्यावं लागतं. आजच जाऊन ये."

"उद्या जातो. आज पाण्याची पाळी हाय."

मी पुन्हा एकदा म्हटलं. तो हो म्हणाला. मग आम्ही जेवलो, त्याच्या बायकोने वांग्याचं भरीत केलं होतं, आणि चारच्या सुमाराला मी निघाले. सोमवारपासून बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा होत्या. बाहेरचे परीक्षक येणार, स्लाइडी लावायच्या, जर्नल तपासायची. बुधवारी त्याचा फोन आला होता, लेकीचं काहीतरी बोलला. इंजेक्शनचं विचारायचं माझ्याकडून राहिलं. विसरले असंही म्हणता येत नाही. बोलताना एकदा मनात आलं होतं, आणि तेवढ्यात शिपाई काहीतरी विचारायला आला.

त्याच्या पुढच्या मंगळवारी मी स्टाफरूममध्ये डबा उघडत होते तेव्हा भावजयीचा फोन आला.

"वन्सं, ह्यांचं तोंड उघडंना. सकाळधरनं भाकरीचा घास जाईना. म्हणत्यात अक्कलदाढ धरलीया."

मी हातातली पोळी ठेवली. "मान कशी आहे? मान वळवता येते?"

"मान बी धरलीया. उशी लागली असंल."

मला तिथंच कळलं. मी इतकी वर्षं ते फळ्यावर लिहीत होते, त्याच क्रमाने ती सांगत होती: आधी जबडा, मग मान. मी तिला म्हटलं, त्याला खाटेवरून उठू देऊ नकोस, मी गाडी घेऊन येते. शेजारच्या शिक्षकांची गाडी घेतली, त्यांनीच चालवली. गावातून आम्ही त्याला घेतलं आणि थेट मिरजेची वाट धरली.

तो मागच्या सीटवर बायकोच्या खांद्याला टेकून बसला होता. दातावर दात बसलेले, ओठांचे कोपरे मागे ओढलेले, भुवया वर गेलेल्या. भावजय त्याच्याकडे बघून मला म्हणाली, "बघा की वन्सं, हसत्यात. म्हंजे तसं काय लय झालं नसंल."

तो हसत नव्हता. त्याचा चेहरा हसत होता. त्याचे डोळे माझ्यावर होते आणि त्यात अजिबात हसू नव्हतं. मी तिला काही सांगितलं नाही. आष्ट्याच्या पुढे एका ट्रकने मागून मोठ्याने हॉर्न दिला आणि भावाची पाठ एकदम ताठ झाली, टाचा पुढच्या सीटवर रुतल्या, डोकं मागे गेलं. अर्ध्या मिनिटाने सुटला. घामाने शर्ट भिजला होता. धनुर्वात हा शब्द किती नेमका आहे ते मी तेव्हा पाहिलं, आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

मिरजेत त्याला लगेच आत घेतलं. मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. मी काय शिकवते ते कळल्यावर ते सरळ बोलले. "अंगात जे विष अजून मोकळं आहे तेवढं मारायचं औषध दिलंय. जे मज्जातंतूंत शिरलं ते आता काढता येत नाही. तिथं नवीन जोडण्या तयार व्हाव्या लागतात. त्या शरीरच करतं. तोपर्यंत त्यांना तगवून धरणं एवढंच आमच्या हातात आहे."

"किती दिवस?"

"दिवसांत धरू नका. आठवडे लागतील."

दुसऱ्या दिवशी त्याच्या गळ्याला भोक पाडून नळी घातली आणि श्वासाचं यंत्र जोडलं. अतिदक्षता विभागाच्या टोकाला एक लहान खोली होती, तिच्या खिडकीला काळा कागद लावला. आत दिवा नाही. दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, नाडी दाखवणाऱ्या यंत्राचा आवाज बंद करून त्याचा पडदा बाहेर आणला. परिचारिका चपला काढून आत जायच्या. कारण उजेड, आवाज, हाताचा स्पर्श, कशानेही झटका येत होता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हा आजार मेंदूला हात लावत नाही. गुंगीचं औषध दिलं तरी माणूस मधून मधून जागा असतो. त्याला सगळं कळतं.

तिथल्या तरुण डॉक्टरांमध्ये माझी एक जुनी विद्यार्थिनी निघाली. तिने मला ओळखलं, मी तिला नाही. चार दिवसांनी व्हरांड्यात माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "मॅडम, तुमचा तो तक्ता मला अजून पाठ आहे. श्वसनाच्या ओळीत मी दोन्ही उलटं लिहिलं होतं. डॉल्फिनला हवा लागत नाही आणि जिवाणूला लागते. तुम्ही एक मार्क कापला होता."

"मग?"

"मग काही नाही. कालपासून आठवतंय फक्त." ती उठता उठता म्हणाली, "मॅडम, तुम्ही जरा घरी जाऊन झोपा."

मी गेले नाही. जाऊन तरी काय करणार होते? तिथं राहूनही काय करत होते? भावजय आणि मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून असायचो. दिवसातून दोनदा, एकेकीला, पाच मिनिटं दाराशी उभं राहू द्यायचे. बोलायचं नाही, हात लावायचा नाही. अंधारात फक्त छातीचं वरखाली होणं दिसायचं आणि यंत्राचा श्वास ऐकू यायचा. मी त्याची थोरली बहीण. लहानपणी त्याला ताप आला की मी त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवायचे. आता मी त्याला हात लावला तर त्याची हाडं मोडतील इतका तो ताठणार होता.

एका दुपारी भावजयीने मला विचारलं, "वन्सं, ह्यो किडा आला कुठनं?"

मी तिला समजावून सांगितलं. मातीत असतो, शेणात असतो. भोक खोल असलं, वरून मिटलं, की आत हवा जात नाही, मग तो वाढतो. आपण मरावं असं त्याला काही वाटत नसतं. त्याला आपलं काही माहीतही नसतं.

ती ऐकत होती. म्हणाली, "म्हंजे तुमाला सगळं ठावं हुतं."

तिने ते दोष द्यायला म्हटलं नव्हतं. तिला खरंच मी फार शिकलेली वाटते, आणि ती मान डोलवत होती. मी उठून पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ नळापाशी उभी राहिले.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तो जरा सावरतोय असं वाटायला लागलं. झटके कमी झाले होते. त्या दिवशी दुपारी लांबून डॉल्बीचा आवाज यायला लागला. हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्याने एक लग्नाची मिरवणूक कार्यालयाकडे चालली होती. आवाज जवळ येईल तशी खिडकीची काच थरथरायला लागली. माझी विद्यार्थिनी आत धावली. मी जिना उतरून रस्त्यावर आले.

पुढे पोरं नाचत होती, मागे नवरदेव घोड्यावर, त्याच्यामागे टेंपोवर भिंतीएवढे स्पीकर. मी फेटा बांधलेल्या एका वयस्क माणसाला गाठलं. तो नवरदेवाचा मामा होता. मी हात जोडले. त्याला काही ऐकू येईना, त्याने मला बाजूला नेलं.

"वर माझा भाऊ आहे. धनुर्वात झालाय. आवाजाने त्याला झटके येतात."

त्याचा चेहरा बदलला. "आवं, मग आदी न्हाई का सांगायचं," असं म्हणून तो टेंपोकडे जवळजवळ पळाला आणि त्याने स्वतः बटण बंद केलं. पोरं थांबली. त्याने त्यांना काहीतरी सांगितलं आणि सगळी मिरवणूक मुकाट्याने चालायला लागली. नवरदेवाने घोड्यावरून मला नमस्कार केला. मला रडू आलं. आणि तेवढ्यात पुढच्या वळणावर कुणीतरी फटाक्यांची दहा हजारांची माळ लावली. ते पुढे होते, त्यांच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं. मामा हात वर करून पळाला, पण पेटलेली माळ कुणाला थांबवता येते? ती संपेपर्यंत आम्ही दोघं तिच्याकडे बघत उभे राहिलो.

मी वर आले तेव्हा खोलीचं दार बंद होतं. भावजय भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. अर्ध्या तासाने विद्यार्थिनी बाहेर आली. नाडी कधी एकदम वर जात होती, कधी एकदम खाली, पण आता थांबलंय, म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. त्या झटक्यात त्याच्या पाठीचा एक मणका दबला होता, ते नंतर एक्स-रेच्या फोटोत कळलं.

तो वाचला. एवढं सगळं झाल्यावर हे वाक्य फार लहान वाटतं, पण तसंच झालं. पाचव्या आठवड्यात यंत्र काढलं, सातव्या आठवड्यात घरी सोडलं. निघताना परिचारिकेने त्याच्या दंडाला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. भावजयीला ते पटेना. "आता झाला की येकदा, परत कशाला?" विद्यार्थिनीने तिला सांगितलं की हा आजार होऊन गेला तरी अंगात ताकद तयार होत नाही. पुन्हा होऊ शकतो. भावजयीला तोवर वाटत होतं, आता निदान हे एक संपलं.

तो घरी आला तेव्हा पंधरा किलोने उतरला होता. काठी घेऊन सोप्यातून अंगणापर्यंत जायचा. आवाज घोगरा झाला होता. मे महिन्याची सुट्टी लागली तशी मी तिथंच राहायला गेले. आम्ही दुपारचे बसून असायचो, फार बोलणं व्हायचं नाही. एका दुपारी त्याने आपण होऊन सुरुवात केली.

"आक्का, डॉल्फिनचं तुला येक सांगितलं न्हाई कवा."

मी म्हटलं, सांग.

"येक जाळ्यात घावला हुता. मच्छीवाल्यांचं जाळं, खाली दगडाला बांधल्यालं. मासा पाण्यात बुडून मरतोय, हे मला म्हाईत नव्हतं. आमची बोट जवळच हुती. वर हातभर पाणी, आन त्याला श्वासाला वर येता येईना. दिसत हुतं सगळं. आमी चाकूनं जाळं कापत हुतो. चार जण हुतो, फौजी गडी. पण दोरी नायलॉनची, वली, सटकायची. कापून झालं तवर हालायचं थांबला हुता."

"हे मला का नाही सांगितलंस तेव्हा?"

"तू पोरांस्नी शिकवत हुतीस त्याचं. कशाला सांगायचं."

त्याने काठी जवळ ओढली. मग म्हणाला, "तितं मिरजंत मला समदं ऐकू येत हुतं. तू दारात येऊन हुबी राहायचीस ते बी कळायचं. बोलायचीस न्हाई. मला वाटायचं, आक्का कायतरी करंल."

त्याने तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, जसं होतं तसं सांगितलं होतं. रविवारी फोनवर सांगायचा तसंच.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. मी अकरावीच्या वर्गात गेले, फळ्यावर उभी रेघ मारली आणि डावीकडे डॉल्फिन लिहिलं. उजवीकडे खडू टेकवून थोडा वेळ थांबले आणि धनुर्वाताचाच जिवाणू लिहिला. दुसरा कुठला लिहिला असता तर तो काय मातीतून निघून जाणार होता? त्या दिवशी तास संपताना मी एवढंच जास्तीचं केलं, की कुणाकुणाचं इंजेक्शन झालंय ते हात वर करून सांगायला लावलं. निम्म्यांना आठवत नव्हतं. घरी विचारून या म्हटलं. दुसऱ्या दिवशी चौघांनी विचारलं होतं.

जुलैपासून भाऊ शेतात जायला लागला. मणक्यामुळे वाकता येत नाही, पण पाण्याची पाळी आली की जातोच. मी त्याला कराडातून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणून दिले. आठ दिवस त्याने घातले. मागच्या रविवारी मी गेले तेव्हा भावजय म्हणाली, रानात हायेत, बोलवून आणा. मी बांधापर्यंत गेले. बूट बांधावर उभे करून ठेवले होते, शेजारी काठी. तो सरीतल्या चिखलात अनवाणी उभा राहून फावड्याने पाणी वळवत होता.

"बूट का काढलेस रं?"

"चिखलात रुतून बसत्यात, पाऊल उचलंना. कवाधरनं चालतोय मी ह्या रानात, आक्का." त्याने वर बघितलं नाही. "तू हो फुडं. ह्या दोन सऱ्या झाल्या की आलोच."

मी बांधावर उभी राहिले. त्याच्या पायाखाली माती काळी, ओली, मऊ होती. मातीला बोल लावता येत नव्हता आणि त्याला सांगून उपयोग नव्हता. घरातून भावजयीने हाक मारली, भाकरी गार होतात म्हणून. मी तिला ओरडून सांगितलं, दोन सऱ्या राहिल्यात.